फ्लोराइडच्या पाण्याच्या गावात लेकरांना फ्लोराइडची पेस्ट द्यावी का?

पैनगंगाकाठ
पांढरकवडा परिसरातल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. अशा गावांतही दातांच्या शिबिरात इतर गावांसारखीच पेस्ट वाटली जाते आणि "रोज दोनदा घासा" एवढंच सांगितलं जातं. हे बंद व्हायला हवं.

हिशोब पाहा. तीन वर्षांचं, १२ किलोचं लेकरू. वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १.२ मिलिग्रॅम फ्लोराइड ही त्याची वरची मर्यादा. लिटरमागे २ मिलिग्रॅम असलेलं पाणी ते लिटरभर प्यालं की मर्यादा तिथंच ओलांडली. त्यावर आणखी पेस्ट कशाला? समोरच्या कायमच्या दातांचं वरचं कवच पहिल्या तीन-चार वर्षांत हिरडीच्या आत घडत असतं. तेव्हाचं जास्तीचं फ्लोराइड सातव्या-आठव्या वर्षी पांढऱ्या चट्ट्यांच्या, नंतर तपकिरी डागांच्या रूपात दिसतं, आणि ते डाग घासून जात नाहीत. माझं म्हणणं असं, की अशा गावांत सहा वर्षांखाली बिनफ्लोराइडची पेस्ट द्यावी, नाहीतर नुसता ब्रश.

वर्धेचा दंतवैद्य
भाऊ, पाण्याचा हिशोब बरोबर, पण पेस्टचाही करा. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि ते प्रमाण ट्यूबवर छापावं लागतं. १००० पीपीएम म्हणजे १ ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट साधारण ०.१ ग्रॅम भरते. दोन वेळची सगळी गिळली तरी ०.२ मिलिग्रॅम पोटात गेलं. तुमच्या २ मिलिग्रॅमपुढे ते दहावा हिस्सा आहे. डाग पाडणारं पाणी आहे, आणि आपण बंद करायला निघालो पेस्ट.

शिवाय पाण्यात फ्लोराइड आहे म्हणून कीड लागत नाही, असं धरून चालू नका. फ्लोरोसिस, म्हणजे जास्तीच्या फ्लोराइडनं दातात येणारा दोष, जास्त असला की कवच ठिसूळ होतं, टवके उडतात, खड्डे पडतात. त्या खड्ड्यांत बिस्किटाचा लगदा बसतो आणि तिथंच कीड लागते. पेस्टमधलं फ्लोराइड काम करतं ते दातावर वरून. खाल्ल्यावर आम्लानं कवचातले क्षार विरघळतात, ते परत बसायला त्यानं मदत होते. त्यासाठी ते गिळावं लागत नाही.

तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, म्हणजे पाव ग्रॅम. तुमच्या भागात सहापर्यंत तांदळाएवढीच ठेवा, माझी हरकत नाही. रात्रीचं घासणं चुकवायचं नाही, कारण झोपेत लाळ कमी सुटते. घासून झालं की फक्त थुंकायचं. गुळण्या केल्या की दातावरचं फ्लोराइड धुऊन जातं.

पैनगंगाकाठ
डॉक्टर साहेब, तांदळाचा दाणा कागदावर ठीक आहे. घरात पेस्ट कोण लावून देतो? जाहिरातीत ब्रशभर पट्टी दाखवतात, ती एक ग्रॅमच्या आसपास होते. त्यात पेस्ट गोड, लेकरं चाटूनच संपवतात. म्हणजे दोन वेळचं २ मिलिग्रॅम, पाण्याएवढंच. कापसाच्या वेचणीत माय सकाळीच वावरात जाते आणि सहा वर्षांची बहीण तीन वर्षांच्या भावाचे दात घासून देते. कोणी बघायला नसताना जो नियम मोडतो, तो अशा गावासाठी सुरक्षित कसा म्हणायचा?

अंगणवाडी_ताई
तुम्ही दोघं घरचं बोलता. तीन ते सहाची लेकरं सकाळी अंगणवाडीत असतात, तिथं घासून घेता येतं. ट्यूब लेकरांच्या हाती द्यायचीच नाही. ताटलीच्या कडेला पेस्टचे छोटे ठिपके सुटे-सुटे लावायचे, एका लेकराला एक. प्रत्येकानं आपल्या ब्रशनं आपला ठिपका उचलायचा. त्यामुळं ट्यूबचं तोंड कोणाच्या ब्रशला लागत नाही आणि माप हातात राहतं. ब्रशवर नावापेक्षा चित्र बरं, या वयात वाचता येत नाही. लेकराला पुढ्यात, आपल्याकडं पाठ करून उभं करा, डोकं आपल्या अंगाला टेकवा, मग मागच्या दाढा दिसतात. मोजून दोन मिनिटं. ब्रश उभे ठेवून वाळवायचे, डब्यात कोंबले की बुरशी येते. दर तीन महिन्यांनी, किंवा केस फाकले की त्याआधीच, बदलायचे.

हे चुकतं कुठं तेही सांगते. पहिले पंधरा दिवस उत्साह असतो, मग ब्रश हरवतात आणि नवीन कोणी देत नाही. ब्रशची सोय वर्षभराची नसेल तर सुरूच करू नका.

आणि झोपताना साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देणं थांबलं नाही, तर कोणतीही पेस्ट पुरणार नाही. वरचे पुढचे चार दात आधी जातात. आईला वरचा ओठ उचलून पाहायला शिकवा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती कीडीची सुरुवात आहे आणि अजून थांबवता येते. तपकिरी खड्डा पडल्यावर नाही.

पाणलोट
मूळ मुद्दा पाण्याचाच आहे. "आमच्या गावात फ्लोराइड आहे" हे वाक्यच अर्धवट. एकाच गावात दोन हातपंपांचं पाणी वेगळं निघतं, खोल बोअरचं जास्त आणि जवळच्या उघड्या विहिरीचं कमी, असं पुष्कळदा होतं. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण आहे. त्यांच्याकडून प्रत्येक स्रोत वेगळा तपासून घ्या. संचात जास्त आलं तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. तुरटी नुसती फिरवूनही उपयोग नाही. फ्लोराइड काढायच्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना मोजून घालावा लागतो, ढवळून गाळ बसू द्यावा लागतो, आणि तुरटीचं प्रमाण पाण्याच्या तपासणीवर ठरतं. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणारे दाणे, भरलेले फिल्टर काही दिवस छान चालतात. मग ते दाणे फ्लोराइडनं भरून जातात, ते धुऊन पुन्हा तयार करणारा माणूस नसतो, आणि लोक भरवशानं तेच पाणी पीत राहतात. म्हणून कमी फ्लोराइडचा एक स्रोत ठरवून पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी तिथूनच आणणं बरं. वरण-भातात बरंच पाणी जातं, ते लोक मोजत नाहीत.

निंबकाडी
एवढा खटाटोप कशाला? निंबाच्या काडीत ना फ्लोराइडची भीती, ना खर्च. जुन्या लोकांचे दात सत्तरीतही शाबूत असत.

वर्धेचा दंतवैद्य
काडी चावून कुंचला नीट झाला तर बाहेरची बाजू साफ होते, मोठ्या माणसानं वापरायला हरकत नाही. पाच वर्षांच्या लेकराला तो कुंचला करता येत नाही, ते पुढचे चार दात घासून काडी फेकतं. कीड लागते मागच्या दाढांच्या खाचेत. जुनी पिढी दिवसातून पाच वेळा बिस्किट, टोस्ट, कुरकुरे खात नव्हती, हा फरक विसरू नका. एकदा गोड खाल्लं की तोंडातलं आम्ल निवळायला अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त भोवतं.

राखुंडी आणि भरड लाल मंजन मात्र लेकरांना नकोच, त्यानं कवच घासलं जातं. दाताला लावायच्या गुडाखूत तर तंबाखू असते. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, तरी घरातला मोठा माणूस लावतो म्हणून मुलं बोट बुडवतात.

या सगळ्यात एक दाढ निसटते, म्हणून वेगळं लिहितो. सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागं एक नवी दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा दात पडत नाही, त्यामुळं आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेलच" म्हणतात. ती कायमची आहे. तिच्या खोल खाचा ग्लास आयोनोमरनं, म्हणजे दात भरायच्या एका सिमेंटनं, भरून बंद करता येतात, त्याला वीज किंवा मोठं यंत्र लागत नाही. खाच साफ करायची, कापसाचे बोळे ठेवून दाढ कोरडी करायची, मिश्रण ठेवून व्हॅसलीन लावलेल्या बोटानं दाबायचं, तासभर काही खाऊ द्यायचं नाही.

पैनगंगाकाठ
शिबिरातलं ते भरण सहा महिन्यांत निघतं.

वर्धेचा दंतवैद्य
लाळ लागली तर त्याहून लवकर निघतं. एका तासात चाळीस मुलं उरकली की असंच होतं. मदतीला एक माणूस फक्त कापूस बदलायला ठेवला आणि मुलं निम्मी घेतली, तर टिकतं. वरचं निघालं तरी खाचेच्या तळाशी थोडं राहतं आणि कामी येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांना पहिली-दुसरीच्या मुलांची हीच दाढ बघायला सांगा.

पैनगंगाकाठ
ताईंची ताटलीची रीत मान्य. अंगणवाडीत कोणी समोर उभं असेल तर तीन ते सहाला तांदळाएवढी पेस्ट द्या. पण तीन वर्षांखाली, पाणी १.५ च्या वर आणि घरी लक्ष द्यायला कोणी नाही, तिथं मी अजूनही नुसता ओला ब्रशच सांगेन.

वर्धेचा दंतवैद्य
तिथं आपलं जमणार नाही. मी तिथंही रात्रीची एक वेळ तरी दाण्याएवढी पेस्ट सांगेन, आईच्या हातून. वेचणीवरून ती रात्री घरी असतेच.