होनोलुलू: १ मेचा लेई डे (लेई म्हणजे फुलांची माळ) आणि जूनअखेरपर्यंतचे कार्यक्रम, मदत हवी आहे

मुक्काम कायमुकीत. २५ एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत घरी चार पाहुणे आहेत: दोन ज्येष्ठ (एकांचे गुडघे धरलेले), एक सहा महिन्यांची गरोदर, एक दहा वर्षांची मुलगी. सगळे शाकाहारी, दोघांना अंडंही चालत नाही. वायकिकीतले तिकीटवाले लुआउ (हवाईयन मेजवान्या) नकोत. इथले लोक स्वतःसाठी करतात ते कार्यक्रम दाखवायचे आहेत.

१) या काळात काय काय धरावं?
२) १ मेसाठी लेई घरी करायच्या आहेत. अंगणात पांढरा चाफा भरपूर आहे, पण आदल्या रात्री ओवून फ्रिजमध्ये ठेवलेली लेई सकाळी तपकिरी पडते. काय चुकतंय?
३) जत्रेच्या टपऱ्यांवर शाकाहारी काय मिळेल?

कुकुई८०८:
आधी दोन नंबर, कारण चूक सरळ आहे. चाफ्याला फ्रिजची थंडी सोसत नाही, पाकळ्या काळवंडतात. ऑर्किड किंवा कार्नेशनची लेई फ्रिजमध्ये टिकते, म्हणून लोक सगळ्याच फुलांना तोच न्याय लावतात.

फुलं पहाटे, पूर्ण उमललेली घ्या. खुडल्यावर देठातून चीक येतो, तो हाताला खाजतो आणि पाकळीवर डाग पाडतो. म्हणून गार पाण्यात थोडा वेळ तरंगत ठेवा आणि मग फडक्यावर पूर्ण कोरडी होऊ द्या. ओली ओवलीत तर पाणी साचतं तिथे डाग पडणारच.

एका लेईला साधारण ५० फुलं लागतात. लेईची सुई फूटभर लांब असते. मोगऱ्याच्या सुईने करायला गेलात तर संध्याकाळ होईल. दोरा दुहेरी, दोन्ही टोकांना वीतभर मोकळा. सुई फुलाच्या तोंडातून, बरोब्बर मध्यातून घालून देठाच्या नळीतून बाहेर काढायची. पाच-सहा फुलं सुईवर चढली की देठाकडून धरून हलकेच खाली सरकवा. पाकळीला चिमटीत धरलंत की तासाभरात तिथे बोटांचे ठसे उमटतात. फुलं खूप दाबून बसवू नका, पाकळ्या दुमडतात.

झाली की किंचित ओलसर कागदी टॉवेल अंथरलेल्या खोक्यात, सावलीत, सैल ठेवा. खरं तर चाफ्याची लेई त्याच दिवशी सकाळी करावी.

निशिगंध:
वरच्या पद्धतीला 'कुई' म्हणतात, म्हणजे टोचून ओवणं. घरात कुणाला गजरा बांधता येत असेल तर 'विली' करून बघा: पानाफुलांच्या छोट्या जुड्या घेऊन दोऱ्याचे वेढे देत जायचं. गजऱ्याला सरावलेला हात त्यात लगेच बसतो.

गरोदर पाहुणीसाठी एक लक्षात ठेवा. इथल्या समजुतीनुसार गरोदर बाईच्या गळ्यात टोकं बांधलेली लेई घालत नाहीत, उघड्या टोकांची घालतात. बंद वेढा म्हणजे बाळाच्या गळ्याभोवती नाळ, असं मानतात. दुसरं म्हणजे लेई नाकारायची नाही, आणि देणाऱ्यासमोर काढून ठेवायची नाही.

कुकुई८०८:
कार्यक्रमांचं. लेई डे १९२८ पासून चालू आहे, आता कपिओलानी पार्कमध्ये होतो. तिथे लेईंची स्पर्धा असते, त्यातल्या लेई परीक्षण झाल्यावर, दुपारनंतर बघायला मिळतात. ज्येष्ठांना सकाळपासून उन्हात बसवू नका. घडीची खुर्ची न्या. मॉन्सरात अव्हेन्यूकडची मीटरची जागा लवकर भरते, बस बरी (होलो कार्ड नसेल तर सुटे पैसे मोजून ठेवा, ड्रायव्हर परत देत नाही). त्याच दिवशी महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छांचे फोन करायचे असतील तर पार्कात जायच्या आधीच करा. इथे सकाळचे नऊ म्हणजे भारतात २ मे उजाडून रात्रीचे साडेबारा वाजलेले.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, आला मोआनाच्या किनाऱ्यावर दिवे सोडतात. गेलेल्यांची नावं लिहिलेले कंदील तिन्हीसांजेला पाण्यात जातात, नंतर स्वयंसेवक ते गोळा करतात. गर्दी प्रचंड असते आणि वाळूत चालावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांनी पाण्यापर्यंत जाऊ नये, मागच्या गवतावर जागा धरावी.

११ जून कामेहामेहा दिन, हवाईच्या पहिल्या राजाचा. आलिइओलानी हालेसमोरच्या पुतळ्याला शिडी लावून लांबच लांब लेई घालतात, ते मिरवणुकीच्या आधी होतं. मिरवणूक बहुधा जवळच्या शनिवारी. त्यात घोड्यांवरच्या पाऊ (लांब घोळदार वस्त्र) नेसलेल्या स्त्रिया चुकवू नका. बारा यार्डांपर्यंतचं कापड, शिवण नाही. कमरेशी कुकुई झाडाच्या बिया गुंडाळून खोचलेल्या, त्यांच्यावर सगळं तोललेलं. नऊवारी नेसणाऱ्या आजी ते बघून बराच वेळ बोलतील.

खणखण_बुशी:
जूनमध्ये बॉन डान्स (पूर्वजांच्या स्मरणाचे जपानी सामूहिक नाच) सुरू होतात, बौद्ध देवळांच्या आवारात, शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी, दर आठवड्याला वेगळ्या देवळात. मुलीला हेच सगळ्यात आवडेल, कारण रिंगणात कुणीही शिरू शकतं. 'तांको बुशी' हे खाणकामगारांचं नृत्य आधी शिकवून ठेवा: दोनदा खणायचं, दोनदा पाटी खांद्यावरून मागे टाकायची, कपाळाशी हात धरून बघत मागे सरकायचं, दोनदा गाडी ढकलायची, हात उघडायचे, टाळ्या. नवखे मागे सरकायच्या वेळी पुढे चालत राहतात आणि आपटतात. आतल्या रिंगणात जाणते असतात, त्यांच्या मागे राहा.

खाणं: आंदागी गुलगुल्यासारखी दिसते, पण पिठात अंडं असतं. साइमिनचं (नूडल्सच्या सूपचं) पाणी मासे-कोळंबी किंवा डुकराच्या हाडांचं, नूडल्स नुसत्या मागूनही उपयोग नाही. लाउलाउ बघून अळूवडी आठवेल. पान अळूचंच, आत डुकराचं मांस. निर्धास्त खावं ते पोई (अळकुड्यांचा लगदा, चव आंबूस), हाउपिया (नारळाचं दूध आणि कॉर्नफ्लोअरची वडी) आणि शेव्ह आइस. पोटभर काही मिळेल ही आशा नको, दशम्या बांधून न्या.

धागाकर्ती:
खूप आभार. तारखा एका जागी कुठे मिळतात? आणि पाहुण्यांनी लेई भारतात न्यायचं म्हटलं तर?

निशिगंध:
एका जागी नाहीत. कायमुकीच्या नेबरहूड बोर्डाच्या मासिक बैठकीची कार्यक्रमपत्रिका बघा, आणि देवळांच्या फाटकावर लावलेले कागद वाचा. बॉन डान्सची यादी दरवर्षी वर्तमानपत्रात येते.

लेई नेऊ नका. विमानतळावर शेतीमालाची तपासणी असते, शिवाय एवढ्या प्रवासात चाफा उरणार नाही. कचऱ्यातही टाकू नका. दोरा कापून वेगळा काढा आणि फुलं अंगणातल्या चाफ्याच्याच बुंध्याशी पसरा.