अँटिबायोटिकचा कोर्स संपला, पण सासूबाईंचं पोट काही ताळ्यावर येईना

खानापूरची सूनबाई:
नमस्कार मंडळी. सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. बेळगावात दुर्बीण घालून तपासलं तर पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू निघाला. दोन अँटिबायोटिक आणि ॲसिडिटीची गोळी असा 14 दिवसांचा कोर्स गेल्या महिन्यात पुरा केला. जळजळ थांबली, पण आता पोट फुगतंय, दिवसातनं तीन-चारदा पातळ होतंय, भाकरी बघितली की नको म्हणतात. एका दुकानात प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूलची भली महाग डबी हातात ठेवली. पुण्याची भाची म्हणते कोंबुचा, म्हणजे तो आंबवलेला चहा, मागवा. शेजारच्या अक्का म्हणतात ताक पहिलं बंद करा. घरात गाय आहे, दही-ताक रोजचं आहे. आतले चांगले जिवाणू परत यायला घरच्या जेवणातनं काय होण्यासारखं आहे ते सांगा की.

निपाणी औषधवाला:
ताई, आधी एक विचारतो. ताप आहे का? शौचात रक्त, पोटात जोराची कळ? यातलं काही असलं किंवा जुलाब वाढत चालले असले तर हे वाचत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू कधीकधी आतड्यात माजतो. त्याला ताक-दह्याचा उपाय चालत नाही, आणि जुलाब बांधायची गोळी दुकानातनं परस्पर आणून देणं तर अशा वेळी धोक्याचं. तोवर ओआरएस चालू ठेवा, या वयात अंगातलं पाणी लवकर कमी होतं.

तसं काही नसलं तर कॅप्सूलची घाई नको. मी त्याच धंद्यात आहे, तरी सांगतोय. अँटिबायोटिक चालू असताना जुलाब होऊ नयेत म्हणून काही प्रोबायोटिकचा उपयोग दिसलाय. सॅकरोमायसीस बोलार्डी हे तर यीस्ट आहे, जिवाणूंवरच्या औषधानं ते मरत नाही, म्हणून डॉक्टर सोबत देतात. पण कोर्स संपल्यावर? इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं 2018 मध्ये मोजक्या लोकांवर हे तपासलं. अँटिबायोटिकनंतर 11 प्रकारच्या जिवाणूंची पुडी घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळचे जिवाणू परतायला उशीर लागला. ज्यांनी काहीच घेतलं नाही त्यांचे लवकर परतले. अभ्यास लहान आहे, पण डबीवरचे जिवाणूंचे कोटींचे आकडे बघून पैसे मोजणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा. केमो चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या माणसाला तर या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नयेत.

मूळचे जिवाणू बहुतेकांचे काही आठवड्यांत, काहींचे काही महिन्यांत बरेचसे परत येतात. त्यांना खायला घालणं आपल्या हातात आहे. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात पोचतो, जिवाणू तो आंबवतात, त्यातनं ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. आपला जोंधळा, नाचणी, हुलगे, मटकी, पालेभाजी यात हा चोथा भरपूर आहे. कोंबुचा कशाला मागवायचा? 2021 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला 36 जणांना घेऊन 10 आठवडे प्रयोग झाला. त्यात दही, केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध) असं आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार वाढले. तुमच्या दारात गाय आहे, ताक बंद करू नका. नुसतं दूध मात्र थोडे दिवस कमी करा, पोट बिघडल्यावर ते काही दिवस सोसत नाही. दही-ताक सहसा सोसतं.

चिकोडीची अक्का:
अगदी बरोबर सांगितलं दादांनी. सूनबाई, आंबील कर गं. नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून मडक्यात ठेव, तुमच्या खानापूरचीच मडकी घे. सकाळी आंबूस वास आला की उकळून शिजव, मीठ घाल. ताक मात्र आंबील कोमट झाल्यावरच घालायचं. उकळत्यात ओतलं की त्यातले जिवाणू मेले, चव तेवढी राहिली. कढीचंही तसंच, जेवायला चांगली, पण या कामाची नव्हे.

एकदम चोथा भरू नकोस हं, पोट आणखी फुगंल. आधी तांदळाची पेज, आंबील, पिकलेलं केळं. पातळ होणं थांबलं की हुलग्याचं माडगं, मग मोडाच्या मटकीचा कट, आणि मग मऊ भाकरी कालवून. लोणचं मागतील, पण तेल-व्हिनेगरातलं लोणचं म्हणजे आंबवलेलं नव्हे, तिखटानं उगंच त्रास व्हायचा.

खानापूरची सूनबाई:
ताप नाही, रक्त नाही. आज पेज आणि ताक दिलं, मागून घेतलं त्यांनी. आंबील रात्री भिजवते. सासूबाईंना शुगर आहे, चालंल ना? आणि ॲसिडिटीची गोळी अजून चालूच आहे, ती ठेवायची का?

निपाणी औषधवाला:
शुगर असली तरी आंबील चालेल, पण पातळ आंबील पटकन पचते. एक वाटीच द्या, गूळ घालू नका, सोबत उसळीचा कट ठेवा आणि दोन तासांनी शुगर मोजून बघा. आजारात शुगर वर-खाली होते, म्हणून शुगरच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा.

ॲसिडिटीच्या गोळीचं बरं विचारलंत. कोर्सबरोबर दिलेली ती गोळी बहुधा 'प्राझोल' शेवट असलेली, म्हणजे ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यातली असणार. ती लांबली तर पोटातलं आम्ल कमी राहून आतड्यातल्या जिवाणूंची मांडणी बदलते. दुसरं म्हणजे पायलोरी खरंच गेला का, हे अँटिबायोटिक संपून किमान 4 आठवडे झाल्यावर श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत कळतं, आणि त्याआधी ही गोळी 2 आठवडे बंद लागते, नाहीतर जिवाणू असूनही तपासणीत सापडत नाही. काहींना अल्सरमुळे किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे ती लागतेच, म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. उद्या फोन करून दोनच गोष्टी विचारा: ही गोळी कधी थांबवायची आणि तपासणी कोणत्या तारखेला.

खानापूरची सूनबाई:
तपासणीचं कुणी सांगितलंच नव्हतं आम्हाला. उद्या सकाळी विचारते.