मदत हवी: अप्पांना सांभाळणाऱ्या मावशींना फोनवरून कसं शिकवू?

पुण्यातला सोलापूरकर: अप्पांना डिमेन्शिया आहे, सांभाळायला मावशी आहेत, मी महिन्यातनं दोनदा येतो. संध्याकाळ झाली की अप्पा दाराशी जातात, मावशी अडवतात मग झटापट होते, काल मावशींच्या हाताला ओरखडे आले, आता काम सोडते म्हणतात. फोनवरून शिकवता येईल असं कायपण सांगा, लवकर.

जुळे सोलापूर: निदान कुणी केलं? बी१२, थायरॉईड बघितलं का? वय?

पुण्यातला सोलापूरकर: ७६. सगळं झालंय, गोळी चालूय. मला मावशींचं विचारायचंय.

वैद्यांचा नातू: ब्राह्मी तूप द्या, आजोबांना फरक पडला होता.

जुळे सोलापूर: औषध विचारलंय का त्यांनी? चालू गोळीवर डॉक्टरांना न विचारता काही देऊ नका.

तिसऱ्या पाळीचा: सही करता येते तोवर घराचे कागद करून घ्या. आम्ही उशीर केला.

शेंगाचटणी: डब्ल्यूएचओचा आय-सपोर्ट (iSupport) म्हणून शिकवणीचा कार्यक्रम २०१९ पासून आहे, डिमेन्शियाच्या माणसाला घरी सांभाळणाऱ्यांसाठीच. पण तो वाचायचा आहे, तुम्ही वाचा आणि मावशींना रोज एकच गोष्ट सांगा. गोव्यात ८१ कुटुंबांवर प्रयोग झाला होता, डॉक्टर नाहीत नर्स नाहीत, कोकणी बोलणारी साधी माणसं शिकवून पंधरवड्याला घरी पाठवली, सांभाळणाऱ्यांचा मनस्ताप कमी झाला. भाषा घरचीच होती हे महत्त्वाचं. अप्पा दाराशी काय म्हणतात?

पुण्यातला सोलापूरकर: 'इंटिकि पोवाले'. घरी जायचंय. आम्ही पद्मशाली, घरची भाषा तेलुगू, अप्पांचं मराठी सुटत चाललंय. मावशी अक्कलकोटकडच्या, कानडी आणि मराठी येतं.

जुळे सोलापूर: अहो हे आधी सांगायचं! मावशींना कळतच नाही तो माणूस काय मागतोय.

तिसऱ्या पाळीचा: आमच्या वडिलांना गिरणीचा भोंगा ऐकू यायचा, गिरणी बंद होऊन किती वर्षं झालेली. अडवलं की चिडायचे. आई डबा हातात देऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायची, चहा पिऊन दोघं परत.

शेंगाचटणी: हेच शिकवा. दार अडवून उभं राहायचं नाही, सोबत चालायचं. पाणी, जेवण, लघवी, घर एवढे तेलुगू शब्द व्हॉइस मेसेजवर पाठवा, वाचावं लागत नाही. आणि मारामारी नेहमीचीच का आत्ताच वाढली?

पुण्यातला सोलापूरकर: चार दिवसांत. रात्री झोपत पण नाहीत.

जुळे सोलापूर: मग शिकवणं नंतर, आजच डॉक्टरांना दाखवा. लघवीत इन्फेक्शन असलं तरी म्हातारी माणसं अशी एकदम बिघडतात.

पुण्यातला सोलापूरकर: शेजारच्या काकू रिक्षानं नेतायत, मी निघालोय. काकूंना तेलुगू येतं, शब्द त्याच रेकॉर्ड करून देते म्हणाल्या.