दर आठवड्याला पाच किलो? कुणाच्या कमरेवर?

उसणग्रस्त
काल 'लोखंडी चणा' यांनी इथेच लिहिलं: "नवशिक्याने पहिले तीन महिने दर आठवड्याला प्रत्येक व्यायामात पाच किलो चढवायचेच. चढत नसतील तर तो टाळाटाळ करतोय." तिथेच दोन ओळी खरडायला बसलो, त्या लांबत गेल्या, म्हणून वेगळा धागा.

प्रत्येक व्यायामात? स्क्वॉटला (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) आणि खांद्याच्या प्रेसला (रॉड डोक्यावर ढकलणं) एकच माप? मी एक्केचाळिसाव्या वर्षी जिम लावली. स्क्वॉट नुसत्या रॉडवर, म्हणजे २० किलोवर सुरू केला. सहा आठवड्यांत ५० झाले, काही कुरकुर नाही. त्याच हिशेबाने प्रेस २० वरून २५ वर नेली. म्हणजे एका उडीत पाव भाग वाढवला! चौथ्या रेपला, म्हणजे चौथ्यांदा उचलताना, पोट पुढे, पाठ मागे, आणि रॉड कसाबसा वर. दुसऱ्या दिवशी कमरेत उसण. चार दिवस मोजे घालायला बायकोला हाक मारत होतो.

ठरवलेल्या रेप्सच्या वर एक-दोन जास्त जमायला लागल्या की २ ते १० टक्के वाढवा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ मध्ये सांगून ठेवलंय. तिथे 'आठवडा' हा शब्द कुठून आला?

लोखंडी चणा
आला का कॅलक्युलेटर! टक्केवारी काढणारे दोन वर्षांनी त्याच डंबेलशी गप्पा मारताना दिसतात. सुरुवातीच्या महिन्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतू शिकतात म्हणून. तेवढ्या काळात वजन पळतं, नंतर आयुष्यभर रांगतं. तो काळ वहीत रेघोट्या ओढण्यात घालवायचा का?

आणि आठवडा कुठून आला म्हणता? दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे पाय सुधारणाऱ्या डॉ. डिलॉर्मकडे बघा. दर आठवड्याला वजन वाढवायचा प्रयत्न. तुमची उसण वजनाने नाही, वाकल्याने आली.

उसणग्रस्त
डिलॉर्म दर आठवड्याला दहा रेप्सना किती झेपतं ते *तपासायचा*. झेपलं तर वाढ. 'पाच चढवायचेच' असं तो म्हणाला नव्हता. आणि मी वाकलो कशामुळे? हवेने?

ताई_सव्वासहा
तुम्हा दोघांचंही जमत नाही बघा. मला ट्रेनरने आठ महिने २ किलोचे डंबेल दिले. "मॅडम, जास्त उचललं तर अंग पुरुषी दिसेल." मी घरी पाच किलो आट्याची पिशवी कडेवर घेऊन तिसरा मजला चढते, ते त्याला चालतं. उसणग्रस्त, तुमची ही 'सावकाश, सावकाश' जपमाळ आमच्या वाट्याला अशी येते.

आणि चणेसाहेब, डंबेलमध्ये ५ नंतर थेट ७.५ आहे. मधलं काही नाही. दीडपट! मी काय करते सांगू? ५ वर आठ रेप्सपासून सुरू. तिन्ही सेटमध्ये (मध्ये दम खाऊन केलेल्या तीन खेपांत) बारा-बारा झाल्या की ७.५ उचलायचे आणि परत सहा-आठवर यायचं. मला ५ वरून ७.५ वर यायला सात आठवडे लागले. ही टाळाटाळ असेल तर असो.

करवीरकर
काय ते टक्के लावलाय राव. आमच्या तालमीत गदेवर आकडाच नसतोय. वस्तादांनी पहिला महिना हौदा, म्हणजे कुस्तीची माती, खणायलाच लावला. मग पन्नास बैठका. दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न, "जिना नीट उतरलास का?" उतरला असशील तर दहा वाढव. लंगडलास तर आज तेवढ्याच.

तराजू_आणि_मी
सगळे किलोवर भांडताय, पण ते किलो खरे आहेत का? मला शंका होती. आमच्या जिममधल्या '१०' लिहिलेल्या दोन प्लेटा भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवल्या. एक ९ किलो ३००. दुसरी १० किलो १००. म्हणजे रॉडच्या दोन बाजूंत ८०० ग्रॅमचा फरक. आणि इथे दोन टक्के की पाच किलो यावर रक्त आटवणं चाललंय.

लोखंडी चणा
एक मिनिट. प्लेटा जिमच्या बाहेर कशा गेल्या?

तराजू_आणि_मी
सकाळी साडेसहाला. सॅकमधून. परत आणून ठेवल्या ना.

लोखंडी चणा
याला चोरी म्हणतात.

तराजू_आणि_मी
आणि ९.३ ला १० म्हणून वर्षाची फी आगाऊ घेतात, त्याला काय म्हणतात? मालकाला सांगितलं तर म्हणे, "साहेब, रबर झिजतं." सातशे ग्रॅम रबर झिजलं? टायर आहे का तो?

ताई_सव्वासहा
आमच्याकडे तर दोन रॉड आहेत. जाड २० चा असेल. बारीकही '२० चाच' सांगतात, मी तो एका हाताने उचलून ठेवते.

करवीरकर
भंगारवाल्याचा काटा तरी बरोबर होता का भावा? तो घेताना वेगळा असतोय.

तराजू_आणि_मी
म्हणून एक किलोचं मिठाचं पाकीट आधी ठेवून बघितलं. मला दूधखुळा समजू नका.

लोखंडी चणा
म्हणजे उसणग्रस्तांचा ५० चा स्क्वॉट ४८ चा पण असू शकतो. अभिनंदन.

उसणग्रस्त
वैयक्तिक होऊ नका! धागा वजन केव्हा वाढवायचं यावर आहे, मिठावर नाही. आणि प्लेट नऊची असली तरी मला काय? त्याच दोन प्लेटा, त्याच बाजूंना लावल्या, तर वाढ ती वाढच.

तराजू_आणि_मी
गर्दीच्या वेळी त्याच दोन प्लेटा मिळवून दाखवा.

हाडवैद्य_नावापुरता
रोज अशी कोपरं आणि गुडघे बघतो, म्हणून एवढंच. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मागून येतात. वजन जमलं म्हणजे सांधा तयार झाला असं नाही. विशीतला पोरगा आणि चाळिशीतले उसणग्रस्त यांना एकच वेळापत्रक लावू नका. बाकी चणे स्क्वॉटबद्दल फार चूक नाहीत, पाय भराभर वाढतात.

लोखंडी चणा
डॉक्टर, 'फार चूक नाहीत' हे मी लॅमिनेट करून घेतो. आणि बरं, प्रेसला पाच जास्त आहेत. अडीच. 'प्रत्येक व्यायामात' हे शब्द मागे घेतो, खूश? पण रेप्स स्वच्छ झाल्या आणि तरी 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणालात, तर माझं मूळ वाक्य लागू.

उसणग्रस्त
उपकार झाले. अडीच चढवायला सव्वाच्या दोन प्लेटा लागतात. आमच्या जिममध्ये एकच दिसायची. दुसरी आज सापडली, टेबलफॅनच्या पायाखाली, टेकू म्हणून. काढली तर पंखा डुगडुगायला लागला आणि ट्रेनर ओरडला. तरी काढली. प्रेस साडेबावीस: पाच, पाच, चार. पुढच्या खेपेलाही साडेबावीसच.

तराजू_आणि_मी
साडेबावीस? काट्यावर ठेवून बघू का?