शब्दचर्चा: ‘१८० अश्वशक्तीचा रेटा’ म्हणता येईल का?

शब्दवेडी

एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विमानांवरचे फलक मराठीत करून देते आहे. सेसना १७२ (एस मॉडेल) वरच्या फलकात मी असं लिहिलंय: ‘या विमानाच्या इंजिनाचा रेटा १८० अश्वशक्ती असून त्याच्या पंख्याचा वेग मिनिटाला २,७०० फेरे आहे.’ शेजारीच एअरबस ए३२० निओचा फलक लागणार आहे, आणि तिथे प्रत्येक इंजिनाचा रेटा सुमारे १२ टन दिलाय. मुलं विचारणारच की एकाचं माप घोड्यांत आणि दुसऱ्याचं टनांत का. दोन्ही एकाच मापात आणता येतील का? शिवाय थ्रस्टला, म्हणजे विमानाला पुढे ढकलणाऱ्या जोराला, नक्की काय म्हणावं? रेटा, प्रणोद, ढकलशक्ती असे तीन शब्द समोर आहेत.

पंतोजी

ढकलशक्ती आधी बाद करा. शालेय पुस्तकांत फोर्सला बल, वर्कला कार्य आणि पॉवरला शक्ती म्हणतात. थ्रस्ट हे बल आहे, त्याला शक्तीचं शेपूट लावलं की पुढची सगळी गल्लत तिथूनच सुरू होते. बोलताना ‘अंगात बळ नाही’ आणि ‘अंगात शक्ती नाही’ यांत आपण फरक करत नाही, त्यामुळे ही चूक फार सहज होते. मराठी विश्वकोशाने तर बलाला ‘प्रेरणा’ हा शब्द वापरलाय, पण फलकावर तो लिहिलात तर मुलांना वाटेल विमानाला कुणीतरी भाषण देऊन उडवलं.

प्रणोद बरोबर आहे, नुद् म्हणजे ढकलणं. पण माझं मत रेट्याला. गर्दीचा रेटा, लोकमताचा रेटा, पुराच्या पाण्याचा रेटा: या शब्दात सतत लागून राहिलेला जोर आहे. धक्का एकदा बसतो आणि संपतो, रेटा चालू राहतो. पंखा हवेला मागे लोटत असतो तोवर विमानाला पुढे जो जोर मिळतो, त्याला याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

मात्र ‘रेटा १८० अश्वशक्ती’ हे वाक्य चालणार नाही. रेटा किलोत, टनात किंवा न्यूटनमध्ये सांगतात.

तेलकट हात

पंतोजींशी सहमत. पण मुलांच्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंय, म्हणून लिहितो. लहान विमानांच्या देखभालीत बरीच वर्षं काढली आहेत.

अश्वशक्तीचा जन्म आठवा. जेम्स वॉटने धरलेला हिशेब असा सांगतात: घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांचा जोर लावतो. म्हणजे मिनिटाला सुमारे १८१ फूट चाल. गुणाकार करून त्याने आकडा ३३,००० फूट-पौंड असा गोल केला. यात नुसता जोर नाही आणि नुसती चालही नाही, दोन्हींचा गुणाकार आहे. ज्यांनी मोट पाहिली असेल त्यांना हे चटकन कळेल. धावेवरून उतरणारे बैल नाड्याला किती ओढ देतात हे बल, आणि तीच ओढ देत किती झपाझप उतरतात ते धरलं की शक्ती. भरलेली मोट अडकून बैल जागच्या जागी ताणत राहिले तर ओढ भरपूर असते, पण पाणी वर येत नाही आणि शक्ती शून्य.

तेव्हा ‘१८० अश्वशक्ती म्हणजे किती किलो रेटा’ या प्रश्नाला वेग सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

वेग सांगितला तर उत्तर तोंडी काढता येतं. मेट्रिक अश्वशक्तीची व्याख्याच ७५ किलो जोर गुणिले सेकंदाला १ मीटर अशी आहे. (ती ७३५.५ वॅट भरते, ब्रिटिश ७४५.७. इथे तेवढ्याने बिघडत नाही.) म्हणजे विमान सेकंदाला ७५ मीटर, ताशी २७० किलोमीटर वेगाने जात असेल तर १ किलो रेटा बरोबर १ अश्वशक्ती. त्याच्या निम्म्या वेगाला १ अश्वशक्तीतून २ किलो, दुप्पट वेगाला अर्धा किलो. त्यातून पंख्याची गळती वजा करायची. चांगला पंखा त्याच्या सोयीच्या वेगाला इंजिनाच्या शक्तीतली ८० टक्क्यांच्या आसपास कामी लावतो.

आता तुमचं सेसना. तीन चतुर्थांश शक्तीवर, म्हणजे १३५ अश्वशक्तीवर, ते १२४ नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ६४ मीटर जातं. १३५ गुणिले ७५ गुणिले ०.८, भागिले ६४. उत्तर येतं १२५ ते १३० किलो. विमानाचं कमाल वजन १,१५७ किलो, म्हणजे रेटा वजनाच्या नवव्या हिश्श्याएवढाच. वजन उचलण्याचं काम पंख करतात. माझ्या मते फलकावर छापण्यासारखी गोष्ट ही आहे, १८० चा आकडा नव्हे.

हाच भागाकार धावपट्टीवर उभ्या विमानाला लावू नका. वेग शून्य धरला तर रेटा अनंत येईल. प्रत्यक्षात वेग शून्य असताना ती ८० टक्क्यांची कार्यक्षमताही शून्य असते, तिथे हिशेब वेगळा करावा लागतो.

शब्दवेडी

वा, ७५ चा हिशेब मुलांना नक्की आवडेल. पण मग पंख्याच्या वेगाचं काय? इंजिन तेच ठेवून पंखा जास्त फिरवला तर रेटा वाढणार ना? तसं असेल तर २,७०० चा आकडा महत्त्वाचा ठरतो.

तेलकट हात

‘पंख्याचा वेग’ हा शब्दप्रयोग मी फलकावर येऊ देणार नाही. त्यात तीन वेगळ्या गोष्टी लपतात. मिनिटाला फेरे किती, पात्याचं टोक हवेतून किती वेगाने जातं, आणि पंखा विमानासकट पुढे किती वेगाने सरकतो. पहिल्याला ‘फेरे’ म्हणा, दुसऱ्याला ‘टोकाचा वेग’, तिसऱ्याला ‘विमानाचा वेग’. रेट्यावर तिघांचाही परिणाम होतो, पण तिघांचा वेगवेगळा.

फेरे घेऊ. पंखा तोच, पात्यांचा कोन तोच आणि विमान उभं, असं धरलं तर रेटा फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. १० टक्के फेरे वाढवले की रेटा २१ टक्के वाढतो, पण इंजिनाकडे शक्ती ३३ टक्के जास्त मागितली जाते. ‘इंजिन तेच ठेवून’ असं तुम्ही म्हणालात. ही ३३ टक्के कुठून आणणार?

सेसनात हे डोळ्यांनी दिसतं. त्याचा पंखा ठरावीक कोनाचा, थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला. विमान उभं असताना थ्रॉटल पूर्ण उघडलं तरी फेऱ्यांचा काटा २,३०० ते २,४०० च्या पुढे जात नाही. हवा अजून पंख्यात धावून येत नाही, पाती जड पडतात आणि इंजिन तिथेच दबून राहतं. १८० अश्वशक्ती ही २,७०० फेऱ्यांवरची. त्यामुळे विमानाला जिथे जोराची सगळ्यात जास्त गरज, त्या पहिल्या क्षणी फलकावरचे १८० घोडे हजरच नसतात.

पिचबद्दलही सांगतो, तो शब्द मजकुरात येणारच. स्क्रूचा आटा एका फेऱ्यात जितका पुढे जातो ते त्याचं पिच, पंख्याचं तसंच. या सेसनाच्या पंख्यावर ७६ आणि ६० असे आकडे असतात: व्यास ७६ इंच, पिच ६० इंच. एका फेऱ्यात १.५२ मीटर, सेकंदाला ४५ फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे ६८ मीटर. विमानाचा नेहमीचा वेग याच्या जवळपास का आहे ते यावरून कळतं. पिचला मराठी शब्द शोधत बसू नका. ‘पात्यांचा कोन’ म्हटलं की काम भागतं, आणि हँगरमध्ये पिचच म्हणतात.

आता टोकाचा वेग, खरी मेख इथे आहे. ७६ इंची पंखा २,७०० ला फिरला की टोक सेकंदाला २७३ मीटर जातं. ध्वनीचा वेग जमिनीलगत ३४०. टोक त्याच्या जवळ गेलं की हवेचा विरोध एकदम चढतो, शक्ती आवाजात आणि उष्णतेत जाते, रेट्यात पडत नाही. जुन्या हार्वर्ड प्रशिक्षण विमानाची ती कुप्रसिद्ध किंचाळी यातलीच. ६०० अश्वशक्तीचं इंजिन, ९ फुटी पंखा, मधे गिअर नाही. २,२५० फेऱ्यांना टोक ३२० च्या वर पोचतं.

म्हणून मोठ्या इंजिनांना गिअर लावून पंखा मुद्दाम हळू फिरवतात. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर लढाऊ विमानाचं मर्लिन इंजिन ३,००० फेऱ्यांवर चालायचं, पण सुरुवातीच्या मॉडेलांत गिअरचं गुणोत्तर ०.४७७ होतं, म्हणजे पंख्याला सुमारे १,४३० फेरे. हाच पंखा थेट जोडला असता तर टोकं ध्वनीच्या दीडपट वेगाने गेली असती. आजच्या हलक्या विमानांतलं १०० अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ तर ५,८०० फेऱ्यांना पळतं, आणि गिअर ते २.४३ ने भागून पंख्याला देतो.

अमेरिकेत १९५५ साली एक्सएफ-८४एच नावाचं विमान उडवलं होतं, ५,८५० अश्वशक्तीचं, पात्यांची टोकं मुद्दाम ध्वनीपेक्षा जास्त वेगाने फिरवणारं. जमिनीवर उभं असताना त्याच्या आवाजाने आसपासच्या माणसांना मळमळायचं. लोकांनी त्याला ‘थंडरस्क्रीच’ नाव ठेवलं. प्रकल्प लवकरच गुंडाळला.

मालवणी

आमच्याकडे ट्रॉलरच्या प्रॉपेलरलाही पंखाच म्हणतात, तेव्हा शब्द चांगला आहे. फक्त विमानाच्या मजकुरात ‘पंख’ आणि ‘पंखा’ शेजारी आले की ‘पंखांना’, ‘पंख्यांना’ अशी रूपं लहान मुलं चुकीची वाचतात. तिथे प्रॉपेलर लिहा.

आणखी एक. बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगचं माप सांगताना अश्वशक्ती दुय्यम असते, विचारतात ‘बोलार्ड पुल किती टन’. टगला धक्क्यावरच्या खुंटाला दोर बांधून पूर्ण जोराने ओढायला लावतात आणि दोरातला ताण मोजतात. दोन टगांची इंजिनं सारखी असली तरी ज्याचा पंखा मोठा आणि संथ, त्याची ओढ जास्त भरते. मच्छीमार बोटीतही गिअर पंख्याचे फेरे कमी करायलाच असतो. तुमच्या विमानाची गोष्ट वेगळी दिसत नाही.

तेलकट हात

मालवणींनी मी टाळलेला भाग लिहून टाकला. वर ‘हिशेब वेगळा’ म्हटलं होतं तो हाच. जागच्या जागी आदर्श पंख्याचा रेटा शक्ती आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या दोन तृतीयांश घाताने वाढतो. घातांक सोडा, अर्थ बघा. इंजिन दुप्पट केलं तर रेटा दुप्पट होत नाही, साधारण १.६ पट होतो. आणि इंजिन तेच ठेवून पंखा दुप्पट व्यासाचा लावला, पण इंजिनाला झेपेल इतका हळू फिरवला, तरीही १.६ पटच मिळतो. तोही इंधनाचा एक थेंब न वाढवता. भरपूर हवा हळू लोटणं हे थोडी हवा जोरात लोटण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पंतोजी

राइट बंधूंनी हे १९०३ साली ओळखलं होतं, त्याचं मला नेहमी नवल वाटतं. इंजिन जेमतेम १२ अश्वशक्तीचं. सायकलसारख्या साखळ्यांनी फेरे कमी करून साडेआठ फुटी दोन प्रॉपेलर मिनिटाला अवघे साडेतीनशेच्या आसपास फिरवले. विमान हवेत राहायला ९० पौंड रेटा पुरेल असा त्यांचा हिशेब होता. उड्डाणाआधी मोजला तर १३० पौंडांच्या वर भरला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांची भाषा बघा. इंजिन घोड्यांत आणि रेटा पौंडांत, दोन्हींची सरमिसळ नाही.

शब्दवेडी

एक शंका अजून. तिसरा फलक एटीआर ७२-६०० चा आहे, कोल्हापूरला येतं ते. त्यात लिहिलंय की उड्डाणानंतर प्रॉपेलरचे फेरे १०० टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर आणतात आणि पुढचा बहुतेक प्रवास तसाच होतो. हे बरोबर आहे? फेरे कमी केले तर रेटाही जाणार ना?

तेलकट हात

बरोबर आहे. १०० टक्के म्हणजे मिनिटाला १,२०० फेरे, ८२ टक्के म्हणजे ९८४. सेसनात फेरे बघून शक्तीचा अंदाज येतो, इथे येत नाही. एटीआरचा प्रॉपेलर ठरलेले फेरे स्वतःच राखतो. वैमानिकाने शक्ती वाढवली की फेरे वाढू लागतात, लगेच पाती थोडी वळून हवेचा मोठा घास घेतात आणि फेरे पुन्हा जागेवर येतात. त्यामुळे ९८४ फेऱ्यांवर रेटा भरपूर असू शकतो, थोडा असू शकतो, आणि उतरल्यावर तर पाती उलट्या कोनात नेऊन उलटा रेटाही घेतात. प्रवाशाला खिडकीतून प्रॉपेलर तसाच गरगरताना दिसतो.

फेरे कमी ठेवायचं कारण वर आलंच आहे. विमानाचा वेग वाढला की टोकाचा हवेतला वेगही वाढतो, तो आवरायचा. आत आवाजही कमी येतो.

एअरबसचं घोड्यांत भाषांतर करायला मात्र जाऊ नका. उभ्या विमानात इंजिन १२ टन रेटतं, पण विमान हललेलं नाही, म्हणजे त्याला मिळालेली शक्ती शून्य. ताशी २७० ला, जमीन सोडण्याच्या सुमारास, रेटा १० टनांच्या घरात आला असं धरलं तर एकेका इंजिनाचे १०,००० घोडे. दोन्ही आकडे एकाच इंजिनाचे आणि एकाच मिनिटातले. जेट इंजिन विकताना रेटा सांगतात कारण तोच त्याचा माल आहे. पिस्टन (सेसनासारखं) किंवा टर्बोप्रॉप (एटीआरसारखं) इंजिन विकणारा फक्त फिरणारा दांडा देतो, रेटा देण्याचं काम पंख्याचं, म्हणून तो अश्वशक्ती सांगतो. फलकांवर दोन रकाने करा: ‘इंजिनाची शक्ती’ आणि ‘रेटा’. एअरबसचा पहिला रकाना रिकामा ठेवा. सेसना आणि एटीआरच्या दुसऱ्या रकान्यात आकडा लिहाल तिथे वेगही लिहा.

शब्दवेडी

मग सेसनाचं वाक्य असं करते: ‘या विमानाचं इंजिन १८० अश्वशक्ती देतं. त्याच्या दांड्याला थेट जोडलेला प्रॉपेलर या शक्तीतून रेटा निर्माण करतो. ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाने उडताना हा रेटा १३० किलोच्या जवळपास असतो.’

तेलकट हात

पहिल्या वाक्यात ‘मिनिटाला २,७०० फेऱ्यांवर जास्तीत जास्त’ घाला. आणि २३० च्या वाक्यात ‘तीन चतुर्थांश शक्तीवर’ हवं, नाहीतर एखादा पोरगा १८० घेऊन गणित करेल आणि त्याचं उत्तर १७० येईल.