आईच्या खुब्याचं ऑपरेशन: गोळीसाठी ५ दिवस थांबावं का?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

आई, वय ७८. काल सकाळी मोरीत पाय घसरून पडली. एक्स-रेत मांडीच्या हाडाची मान मोडलेली, तुकडे सरकलेले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हाडाच्या टोकाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला असणार, या वयात स्क्रूने हाड जुळेल याचा भरवसा नाही. बायपोलर बसवू, म्हणजे गोळा नवा, खुब्याची वाटी आईचीच. इथपर्यंत पटलं.

घोडं अडलंय पुढे. ३ वर्षांपूर्वी तिची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. भूलतज्ज्ञ म्हणतात, क्लोपिडोग्रेल बंद करून ५ दिवस थांबू, मग कमरेत इंजेक्शन देऊन करू. तोवर पायाला वजन लावलंय. रात्रभर विव्हळत होती. पहाटे मला विचारते, "दादा जेवला का?" मामाला जाऊन ११ वर्षं झाली. फार घाबरलो.

शिवाय काका गावाहून आलेत. त्यांच्या मते या वयात चिरफाड नको, हाडवैद्याकडे न्या. त्यांना सध्या चहाला पाठवलंय.

थांबणं बरोबर आहे का? की दुसरीकडे हलवू? आणि हाडात सिमेंटने बसवलेला सांधा बरा की बिनसिमेंटचा?

प्रतिसाद १
माझ्या सासऱ्यांना दुसऱ्याच दिवशी रॉड टाकला, तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे! ५ दिवस कशाला?

प्रतिसाद २
वरच्या सासऱ्यांचं मोडलेलं हाड बहुधा मानेच्या खालचं. तिथे रक्तपुरवठा शाबूत राहतो, म्हणून रॉड चालतो. तुलना नको.

मी भूल देते, पण कागद न बघता ठाम काही सांगणार नाही. क्लोपिडोग्रेल चालू असताना कमरेतून भूल टाळतात, कारण मणक्यात रक्त साचून नसांवर दाब येण्याची भीती. तुमच्या डॉक्टरांचं तेवढं बरोबरच. पण पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करता येतं. रक्त थोडं जास्त जाईल, म्हणून पिशव्या तयार ठेवायच्या. ब्रिटनमधल्या 'नाइस' या उपचारांच्या सूचना देणाऱ्या संस्थेनुसार ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं. पडून राहिलं की न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात गुठळ्या. तेव्हा भांडू नका, सरळ विचारा: "पूर्ण भुलेत उद्या का नाही?" हृदयाचं पंपिंग फारच कमी असेल तर त्यांच्याकडे खरं कारण असेल. इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का? ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

दुखण्यासाठी जांघेजवळ नसेचा ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, देतात, तो आजच मागा. भ्रम या वयात असा होतो. दुखणं, रक्तातलं सोडियम बिघडणं, लघवीतला जंतुसंसर्ग, काहीही कारण असतं, तपासायला सांगा. चष्मा लावते का? लावत असेल तर द्या, आणि ओळखीचं माणूस जवळ ठेवा.

सिमेंट: 'नाइस'चा कल सिमेंटकडे आहे. भरताना क्वचित बीपी कोसळतं, आणि आई हृदयरोगी आहेत, त्यामुळे सिमेंट वापरायचं का हे हाडांच्या आणि भुलेच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवावं.

धागाकर्ता
मॅडम, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. इकोत पंपिंग ५० टक्के निघालं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले ॲस्पिरिन चालू ठेवा. दुसऱ्या भूलतज्ज्ञांना बोलावलं, ते पूर्ण भूल द्यायला तयार आहेत. उद्या सकाळी पहिला नंबर, सिमेंटचा बायपोलर. रक्ताच्या २ पिशव्या जमवल्या. संध्याकाळी ब्लॉक दिला, अर्ध्या तासात झोप लागली तिला.

चष्मा घरीच राहिलाय. काकांना खाटेजवळ बसवून तो आणायला निघालोय.