झेवियर नावाच्या संस्था: एचआरसाठी जमशेदपूर, भुवनेश्वर की आणखी कुठली?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
मंडळी, मामेबहिणीसाठी विचारतोय. शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम., सध्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसला आहे. हजेरी, पीएफ, ईएसआय, कंत्राटदारांची बिलं असं काम. पुढं एचआरच करायचं ठरलंय. कोल्हापुरातल्या सायबर संस्थेचा पर्याय घरात आहेच, पण सगळे म्हणतात जेझुइट फादरांच्या संस्थांचा एचआर वेगळा असतो. शोधायला बसलं की झेवियर नावाच्या डझनभर संस्था समोर येतात. खरी कुठली, कुणाचा कोर्स कशासाठी, झॅट ही प्रवेश परीक्षा कशी असते, आणि पदविका की पदवी या भानगडीचा पुढं त्रास होतो का? नेमकं सांगणारं कुणी आहे का?

मस्टर_रोल
एचआर वेगळा का असतो ते आधी सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडतं.

एक्सएलआरआय म्हणजे झेवियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट. १९४९ साली फादर क्विन एनराइट या जेझुइट पाद्र्यानं जमशेदपुरात काढली. नावात 'बिझनेस' नाही, 'लेबर' आहे. त्या दोन-तीन वर्षांतले कायदे बघा: औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा, कारखाने कायदा १९४८ चा. कारखाने कायद्याचं कलम ४९ म्हणत होतं की ५०० किंवा जास्त कामगार असतील तर कामगार कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. तो कायदा १ एप्रिल १९४९ ला लागू झाला. माणसं नेमा म्हणून कायदा सांगत होता, पण ती तयार करणाऱ्या संस्था देशात मोजक्या. आणि गाव पोलादाचं, युनियन जुनी. संस्था तिथंच निघाली यात नवल नाही.

म्हणून तिथला मनुष्यबळाचा कोर्स हा जनरल मॅनेजमेंटला जोडलेला तुकडा नाही, मूळ खोड तेच आहे. पूर्वी त्याचं नाव 'पर्सोनेल मॅनेजमेंट अँड इंडस्ट्रियल रिलेशन्स' होतं, आता एचआरएम, म्हणजे ह्युमन रिसोर्स मॅनेजमेंट. कामगार कायदे, वाटाघाटी, पगाररचना हे गाभ्याचे विषय, जोडीला आकडेशास्त्र आणि फायनान्स. दोन वर्षं, मध्ये उन्हाळ्यात कंपनीत काम. नीतिशास्त्र सक्तीचं आणि खेड्यात जाऊन राहण्याचा कार्यक्रमही असतो. दुसरा मोठा कोर्स बिझनेस मॅनेजमेंटचा, म्हणजे बीएम. तिसरा जनरल मॅनेजमेंट, १५ महिन्यांचा, पण त्याला किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे तो सध्या बाजूला ठेवा. २०२० पासून हरियाणात झज्जरलाही कॅम्पस आहे, दिल्लीजवळ. अर्ज भरताना कुठला कॅम्पस निवडताय ते डोळे उघडे ठेवून बघा.

टाइम ऑफिसचं काम करणाऱ्या मुलीनं बीएमला जागा मिळत नाही म्हणून एचआरएम घ्यायचं असं समजू नये. या संस्थेत ते उलटं आहे.

साखळी_व्हाया_चोर्ला
नावांचा घोळ मी सोडवतो. जेझुइट म्हणजे येशूसंघाचे फादर, १५४० साली इग्नेशियस लोयोलानं काढलेला संघ. फ्रान्सिस झेवियर त्यातलाच, गोव्यात ज्याचं शव आहे तो. म्हणून यांच्या संस्था एकतर झेवियर नाहीतर लोयोला. पण झेवियर नावावर पेटंट नाही!

जेझुइटांच्या म्हणून धरायच्या त्या जमशेदपूरची एक्सएलआरआय, रांचीची एक्सआयएसएस (झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सर्व्हिस) १९५५ ची, चेन्नईची लिबा (लोयोला इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन) १९७९ ची, आणि भुवनेश्वरची एक्सआयएमबी (झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट). मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारातली एक्सआयएमआरही त्यांचीच. तिथं मुंबई विद्यापीठाचा एमएमएस हा एमबीएच्या तोडीचा कोर्स आहे, त्यासाठी आपल्या राज्याची सीईटी लागते, झॅट नाही.

भुवनेश्वरची गोष्ट वेगळी, कारण ती आता विद्यापीठाचा भाग आहे. १९८७ साली ओडिशा सरकार आणि तिथले जेझुइट यांच्यात करार होऊन संस्था निघाली. २०१३ च्या कायद्यानं झेवियर विद्यापीठ झालं, २०२१ मध्ये त्याचं नाव बदलून एक्सआयएम विद्यापीठ केलं. त्यामुळे जुन्या मुलांच्या प्रमाणपत्रावर एक नाव, नव्यांच्या दुसरं. गोंधळून जाऊ नका. तिथं एमबीए अनेक वाटांनी, त्यातल्या तीन: बिझनेस मॅनेजमेंट, एचआर आणि रूरल मॅनेजमेंट. कॅम्पसही दोन, जुना भुवनेश्वर शहरात आणि नवा पुरी जिल्ह्यात हरिराजपूरला. कुठला कोर्स कुठं चालतो ते अर्जाआधी विचारून घ्या.

रूरलकडं आपल्याकडची पोरं बघतही नाहीत. गोकुळ, वारणा, साखर कारखाने अंगणात असताना हे मला कोडंच आहे. गावात राहून करायचं क्षेत्रकार्य त्या कोर्सचा भाग आहे.

आणि एक जवळचं. गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट फादर रोम्युआल्ड डिसोझा यांनी १९९३ साली काढली. हे जेझुइट. आधी एक्सएलआरआयचे संचालक होते आणि भुवनेश्वरची संस्थाही त्यांनीच उभी केली. संस्था स्वतः जेझुइट संघाची नाही, पण वळण तेच. पूर्वी रायबंदरला होती, आता साखळीत. बेळगाववरनं चोर्ला घाट उतरला की आलीच. झॅट तिथंही चालते.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
वा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता झॅटचं सांगा. ती म्हणते गणित बरं आहे, इंग्रजी वाचन कच्चं.

वजाबाकी
परीक्षा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या रविवारच्या आसपास असते, फॉर्म आदल्या पावसाळ्यात निघतात. २०२५ च्या झॅटचा साचा असा होता: एकूण ९५ प्रश्न, १८० मिनिटं. पहिल्या भागात १७० मिनिटं आणि ७५ प्रश्न. त्यात शब्द आणि तर्क २६, निर्णयक्षमता २१, गणित आणि डेटा २८. दुसऱ्या भागात १० मिनिटांत सामान्यज्ञानाचे २० प्रश्न. सामान्यज्ञान पर्सेंटाइलमध्ये धरत नाहीत, चुकीला वजाबाकीही नाही, पुढं मुलाखतीच्या टप्प्यावर बघतात. पहिल्या भागात एका विभागातनं दुसऱ्यात हवं तसं फिरता येतं. आयआयएमच्या कॅटसारखं प्रत्येक विभागाला ४० मिनिटांचं कुलूप नाही. हे सोयीचं वाटतं, आणि यातच पोरं बुडतात: गणित आवडतं म्हणून तासभर तिथंच बसतात आणि निर्णयक्षमतेला २० मिनिटं उरतात. वेळ घड्याळावर आधीच वाटून घ्या.

गुणांचा हिशेब बारकाईनं वाचा. बरोबर उत्तराला १, चुकीला पाव गुण वजा. शिवाय पहिल्या भागात ८ प्रश्न सोडायची मुभा, त्यापुढं सोडलेल्या प्रत्येक प्रश्नाला ०.१० वजा. समजा ४५ सोडवले, ३५ बरोबर, १० चूक, ३० कोरे. ३५ मधनं २.५ गेले, कोऱ्यांपैकी ८ माफ, उरलेल्या २२ चे २.२ गेले. हातात ३०.३.

आता गंमत. पर्याय ५ असतात. डोळे मिटून टिक केलं तर पाचातली एक शक्यता बरोबर, चार चूक: ०.२० उणे ०.२०, म्हणजे सरासरी शून्य. कोरा ठेवला तर उणे ०.१०. म्हणजे ८ च्या पुढं कोरं ठेवण्यापेक्षा टिक केलेलं परवडतं. एक पर्याय खात्रीनं बाद करता आला तर सरासरी ०.०६ अधिक. पण हे शेवटच्या पाच मिनिटांत करायचं काम आहे, सुरुवातीपासून तुक्के मारायला ही परवानगी समजू नका. विभागवार कटऑफ असतो, आणि एका विभागात तुक्के अंगलट आले की एकूण पर्सेंटाइल कितीही असो, नाव यादीत येत नाही. एचआरएमला शब्द विभागाची अट कडक, बीएमला गणिताची. बहिणीचं वाचन कच्चं आहे आणि जायचंय एचआरएमला, तर तयारी वाचनापासून सुरू करा. गणित चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहिलात तर नेमकी चूक तीच.

आता निर्णयक्षमता, कारण ती कॅटमध्ये नसतेच. एक नमुना घरचाच घेऊ. फाउंड्रीत रात्रपाळीला रिजेक्शन ४ टक्क्यांवरून ९ वर गेलं. सुपरवायझर म्हणतो कंत्राटी मोल्डर नवखे आहेत. कंत्राटदार म्हणतो वाळूची ओल मोजायचं यंत्र महिनाभर बंद आहे. ऑर्डर ४ दिवसांत द्यायची. प्लांट हेडनं काय करावं? अ: कंत्राटदार बदलावा. ब: सुपरवायझरला नोटीस द्यावी. क: ग्राहकाकडे मुदत मागावी. ड: आजच्या रात्रीपासून ओल हातानं तपासायला लावावी आणि पाळीवार, दोषवार रिजेक्शन काढावं. इ: मालकावर सोपवावं.

उत्तर ड. अ आणि ब मध्ये एकाच बाजूचं ऐकून शिक्षा होतेय. नवा कंत्राटदार ४ दिवसांत मोल्डर कुठनं आणणार? क मध्ये कारण तसंच राहतं. इ म्हणजे हात झटकणं, हा निर्णय प्लांट हेडच्याच अखत्यारीतला आहे. ड मध्ये आजचं नुकसान आवरतं आणि कोण खरं बोलतंय तेही कळतं: ब्लोहोल, म्हणजे ओतकामात हवेनं पडलेली भोकं, जास्त निघाले तर संशय वाळूच्या ओलीवर, मोल्ड जुळवण्याच्या चुका जास्त निघाल्या तर हातावर. पेपरात प्रत्येक उताऱ्याला हेच विचारायचं: निर्णय कुणाचा, त्याच्या हातात काय आहे, कुठला पर्याय कुणावर अन्याय न करता कारणाला हात घालतो. उताऱ्यात नसलेली माहिती स्वतःच्या अनुभवातनं भरायची नाही. फाउंड्रीतल्या माणसाला हाच मोह होतो, हे ताईंना मुद्दाम सांगा.

आणखी एक, झॅट भरली म्हणजे सगळीकडं अर्ज गेला असं नव्हे. एक्सएलआरआयचे कोर्स झॅटच्याच फॉर्ममध्ये निवडायचे, कोर्सवार जादा फी भरून. बाकीच्यांचे अर्ज त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर, वेगळ्या फीनं आणि वेगळ्या मुदतीत. निकाल लागल्यावर अर्ज करू म्हणून बसलेले बरेच जण मुदत हुकवतात.

कलम_एकोणपन्नास
पदवी-पदविकेचं. एक्सएलआरआय विद्यापीठ नाही, त्यामुळे एमबीए ही पदवी देऊ शकत नाही, पीजीडीएम ही पदव्युत्तर पदविका देते. लिबा आणि गोव्याचंही तेच. एक्सआयएम विद्यापीठ मात्र एमबीए देतं. खासगी नोकरीत हा फरक कुणी विचारत नाही. विचारतात ते तीन ठिकाणी: पीएच.डी.ला, कॉलेजात शिकवायला आणि सरकारी जाहिरातीत. तिथं भारतीय विद्यापीठ संघाची, म्हणजे एआययूची, समकक्षता मागतात. ज्या पीजीडीएमला ती आहे त्याचं फारसं अडत नाही. प्रवेशाआधी त्या विशिष्ट कोर्सचं नाव समकक्षतेत आहे का ते पाहा. संस्थेचं नाव असणं पुरेसं नाही.

कामगार कल्याण अधिकारी म्हणूनच नेमणूक हवी असेल तर ते आणखी वेगळं. त्या पदाची पात्रता राज्याच्या नियमांत लिहिलेली असते, नुसतं 'एचआर केलंय' चालत नाही. जाहिरातीतली ओळ न ओळ वाचायची. २०२० च्या सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत ५०० ची मर्यादा २५० वर आणली आहे, म्हणजे शिरोली-गोकुळ शिरगावच्या मधल्या आकाराच्या कारखान्यांनाही ही नेमणूक लागू होते. कोर्स निवडताना हे डोक्यात असू द्या.

आणि एक्सएलआरआय खासगी, अल्पसंख्याक संस्था आहे. आयआयएमसारखा २७ टक्के ओबीसी कोटा तिथं नाही. नॉन-क्रिमीलेअरसाठी तहसीलला हेलपाटे घालायचे असतील तर ते कॅट आणि सीईटीसाठी घाला.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
कर्जाचं? मामांची अडीच एकर आहे सांगरूळला, तारण देऊ म्हणतात.

नोंदणीकृत_गहाणखत
सातबारा घेऊन बँकेत जाऊ नका, परत पाठवतील. शैक्षणिक कर्जात ७.५ लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढं मागतात. आणि शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत, कारण थकीत कर्जाच्या वसुलीचा जो सरफेसी कायदा आहे, २००२ चा, त्याच्या कलम ३१ नं शेतजमीन त्यातनं वगळली आहे. जप्त करता येत नाही ते तारण बँक कशाला धरेल? एनए प्लॉट, फ्लॅट, घर, मुदत ठेव यापैकी काहीतरी लागतं. सांगरूळच्या घराचा नुसता ग्रामपंचायतीचा उतारा असेल तर तोही काही शाखा नाकारतात, त्यामुळे आधी शाखेच्या पॅनेलवरच्या वकिलाला कागद दाखवा.

पण नावाजलेल्या संस्थांसाठी बँकांच्या वेगळ्या याद्या असतात, त्यात नाव असेल तर बरीच मोठी रक्कम बिनतारण मिळते. एक्सएलआरआय अशा याद्यांत असते. म्हणून पहिला प्रश्न 'कर्ज मिळेल का' हा विचारू नका. 'ही संस्था तुमच्या यादीत कुठल्या गटात आहे' असं विचारा. गावातल्या शाखेला माहीत नसेल तर दसरा चौकाकडं मोठ्या शाखेत जा. सहकर्जदार म्हणून मामांचं उत्पन्न दाखवावं लागेल, आणि शेतीच्या उत्पन्नाला तलाठ्याचा नव्हे, तहसीलदाराचा दाखला घ्या.

साखळी_व्हाया_चोर्ला
जायचं झालं तर स्टेशनचं नाव टाटानगर, जमशेदपूर शोधलं तर आरक्षणात सापडत नाही. कोल्हापूरहून पुणे, पुढं हावड्याची आझाद हिंद. मुलाखतीला तिकडं जायची वेळ सहसा येत नाही, मोठ्या शहरांत केंद्रं असतात, मुंबई निवडा.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
समजलं. एचआरएमसाठी झॅट, रांची आणि भुवनेश्वरचे वेगळे अर्ज, आणि सीईटी हाताशी. मामांचा एनए प्लॉट फुलेवाडीला निघाला, त्याचे कागद सोमवारी वकिलाकडं देतो.